सोंगणीचे अकरा दिवस

वडील अकोल्याला माझ्याकडे राहायला आले तेव्हा गाडीच्या डिकीत गव्हाचं एक पोतं, तुरीच्या डाळीची थैली आणि एक पितळी तांब्या होता. कपड्यांची पिशवी एकच, तीही अर्धी रिकामी. पोतं उतरवायला माझा नवरा पुढे झाला तर वडिलांनी थरथरता हात आडवा केला.

"जावईबुवा, तुमी नका हात लावू. ड्रायव्हर हाय नं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लेकीच्या घरचं फुकट खात नाई मी. शिधा घेऊन आलो."

हे अर्धं गमतीनं होतं. अंजनगाव सुर्जीकडच्या आमच्या घरात मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नसे. लग्नानंतर पहिली तीन वर्षं वडील मला भेटायला यायचे, सोबत आणलेलं पाणी प्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. मुलगा झाला त्या दिवशी त्यांनी माझ्या सासूबाईंकडे पाणी मागितलं आणि दोन ग्लास प्यायले. आता तो मुलगा पुण्यात शिकतो. नियम केव्हाच संपला होता. पण वडिलांना तो आवडायचा आणि संधी मिळाली की ते तो काढून दाखवायचे.

वडील ऐंशीच्या पुढचे. आयुष्य विड्याच्या पानांच्या मळ्यात गेलं. कंपवाताचं निदान झालं, पाठोपाठ आई गेली, आणि ते अमरावतीला माझ्या मोठ्या भावाकडे राहायला आले. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर्षभरात वडील दोनदा खाली उतरले, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा दादानं अमरावतीतल्या एका देखभाल केंद्रात त्यांच्यासाठी पलंग पाहून ठेवला. मला फोन करून सांगितलं, विचारलं नाही.

मी म्हणाले, "बाबांना माझ्याकडे आण."

"तुह्यानं होनार नाई."

"सहा महिने दे. सहा महिन्यांत घरी जमलं नाही तर केंद्र."

ही मुदत मीच घातली होती. त्यानं ती लगेच मान्य केली.

मी अकोल्यात एका वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर काम करते. दुपारी तीन ते रात्री अकरा. नवरा कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, दुपारी दोनपर्यंत घरी येतो. सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेसाठी आम्ही एका एजन्सीकडून माणूस ठेवला. मूर्तिजापूरकडचा, पंचेचाळिशीचा, आधी खासगी दवाखान्यात वॉर्डबॉय होता. त्यानं पहिल्याच दिवशी चप्पल बाहेर काढली, न्हाणीघर पाहिलं, भिंतीला दोन ठिकाणी दांडा लावून मागितला आणि मग पेशंट कुठे आहे असं विचारलं.

मी एक रजिस्टर आखलं. वेळ, औषध, रक्तदाब, जेवण, पाणी, लघवी, शौच, शेरा. हे काम मला येत होतं. पाच महिने त्या रजिस्टरचा एकही रकाना रिकामा राहिला नाही. माणूस आपल्या वळणदार अक्षरात लिहायचा, संध्याकाळी नवरा पाहायचा, रात्री येऊन मी सही करायचे. रात्री वडील पलंगाशेजारचं भांडं स्वतः वापरत. सकाळी आठला माणूस येऊन ते रिकामं करी.

त्या दोघांचं जमलं होतं. न्हाणीघराचं दार लागलं की आतून आवाज येत.

"आबाजी, पाय उचला. मळ्यात शिडीवर चढत असान नं?"

"तुह्या बापानं पायली नसन असी शिडी."

"मंग उचला नं. हे त पायरीबी नाई."

"उचलून राह्यलो नं बाप्पा. घाई कायची हाय तुले, पगार त महिन्याचाच भेटते."

मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. आपण हे जमवलं, असं मला वाटू लागलं होतं. दादाचा रविवारी फोन यायचा. "कसे हायेत?" मी रजिस्टर समोर घेऊन आकडे सांगायचे. तो म्हणायचा, "हाव, पाह्यलं. अजून किती राह्यले?" म्हणजे महिने.

सहावा महिना लागता लागता माणसानं रजा मागितली.

"ताई, सोयाबीन आलं. सोंगनीले जा लागते."

"किती दिवस?"

"आठ-धा. मंधात पानी नाई आलं त."

त्याची स्वतःची दोन एकर होती. ती कापून झाली की दुसऱ्यांच्या वावरात गुत्त्यानं, एकरी दर ठरवून, जायचं होतं. आमच्याकडे महिन्याला मिळतं त्याच्या निम्मं तिथे या आठ-दहा दिवसांत मिळतं, हे त्यानं लपवलं नाही. मी एजन्सीला फोन केला. एजन्सीवाला म्हणाला, "ताई, बाई पाठवतो. गडी दिवाळीपर्यंत मागू नका. सारे वावरात हायेत."

दुसऱ्या तीन एजन्सींनी थोड्याफार फरकानं हेच सांगितलं. अकोल्यातल्या म्हाताऱ्यांना उठवणारी, आंघोळ घालणारी, कूस बदलणारी माणसं त्या पंधरवड्यात विळे घेऊन जिल्हाभर पसरली होती. ही बातमी होती. ती मला कधी सुचली नव्हती आणि कोणत्याही तालुक्यातून आली नव्हती. मी कामावर रजा टाकली.

पहिल्या सकाळी नवरा म्हणाला, "बाबा, न्हाणीघरात मी येतो."

वडील पलंगावर सरळ झाले. "जावईबुवा, लग्नात मी तुमचे पाय धुतले. आता तुमी माह्यं धुता काय?"

नवरा हसला आणि बाहेर आला. वडील हसत नव्हते.

एजन्सीनं पाठवलेली बाई दुसऱ्या दिवशी आली. चांगली, अनुभवी. वडिलांनी तिला ताई म्हटलं, चहा द्यायला सांगितलं आणि पोत्यातला गहू निवडायला बसवलं. तिनं दोन वेळा विचारलं, "आबाजी, बाथरूमले जायचं काय?" दोन्ही वेळा त्यांनी तिला गव्हातला एकेक खडा दाखवला. दोन दिवसांत अर्धं पोतं निवडून झालं. जाताना ती मला म्हणाली, "ताई, इथं पेशंट नाई, गहूच हाये." मग ती आली नाही आणि मीही बोलावली नाही.

न्हाणीघरासाठी पहिल्या दिवसापासून मीच उरले. वडील वॉकर धरून चालायचे, मी मागे. न्हाणीघराशी पोचलं की म्हणायचे, "तू भाईर थांब." मी दार थोडं उघडं ठेवून बाहेर थांबायचे. त्यांची बोटं थरथरत असल्यानं वेळ लागे. मी मधून विचारायचे, "बाबा, झालं का? पडला नाहीत ना?" आतून उत्तर यायला उशीर होई. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाई यायच्या आधीच, एकदा उत्तर आलंच नाही तेव्हा मी आत गेले. नाडीची गाठ सुटली नव्हती. पायजमा ओला झाला होता. मी तो बदलला, फरशी पुसली, त्यांना पलंगावर आणलं. ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'सकाळ ठीक.'

त्यानंतर दोन दिवस पाण्याचे ग्लास भरलेले परत येऊ लागले. मी दादाला फोनवर सांगितलं.

"बाबा पाणी कमी पिताहेत."

"मंग? तुह्या घरचं पानी चालत नाई त्यायले, मालूम नाई काय तुले? लग्नापासून मालूम हाय."

त्यानं हे टोमणा म्हणून म्हटलं. मी ते खरं धरलं. ते सोपं होतं, ओळखीचं होतं, आणि त्याच्यावर उपाय होता. मी बाजारात जाऊन एक माठ आणला, वडिलांच्या पलंगाजवळच्या खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "हा तुमच्या मळ्याच्या पैशातून घेतला. आता हे पाणी तुमचं."

वडिलांनी माठाला बोट लावून पाहिलं. "शहानी झाली तू," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ग्लास रिकामे परत येऊ लागले. मी रोज सहा-सात खुणा करू लागले. लघवीच्या रकान्याचं काय करावं ते मला कळत नव्हतं. मी स्वयंपाकघरात असताना ते सांगायचे, "आताच जाऊन आलो." वॉकर जागेवर असायचा, पण मी त्याबद्दल विचारायचे नाही, विचारणं बरं दिसलं नसतं. रात्रीचं भांडं सकाळी कोरडं असायचं. रात्री झोप चांगली लागली असेल, असं मी नवऱ्याला म्हणाले. रकाना रिकामा सोडला.

आठव्या दिवशी तळमजल्यावरच्या शेजारीणबाई वर आल्या. दिवाळीआधी त्यांनी गोधड्या धुऊन आमच्या खिडकीखालच्या तारेवर वाळत घातल्या होत्या.

"ताई, तुमच्या कूलरचं पानी पडून राह्यलं खाली. तीन दिवस झाले, गोधडी वाळूनच नाई राह्यली."

"कूलर तर आम्ही गणपतीआधीच काढला."

"मंग कायचं पानी हे? वरून देव त टाकत नाई नं!"

मी गच्चीवरची टाकी पाहून आले. टाकी ठीक होती. प्लंबरला फोन केला, तो दिवाळीनंतर येतो म्हणाला. वडील पलंगावर पडून छताकडे पाहत होते. मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांच्याशी त्याचा संबंध असेल, असं वाटलंच नाही.

अकराव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "करंड्या टेसनावर गेल्या काय?"

"कोणत्या करंड्या?"

"पानाच्या. गाडी चुकन नं बाई. गडी कोठी गेले सारे?"

जीभ टाळूला चिकटत होती, शब्द अर्धे तुटत होते. ओठांवर पांढरी साय धरली होती. नवऱ्यानं गाडी काढली. त्या वेळी जावयाच्या हाताला नाही म्हणण्याइतकं त्यांना भान नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी वडिलांच्या हातावरचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते तसंच उभं राहिलं.

"पाणी किती पितात?"

मी रजिस्टर पुढे केलं. "रोज सहा-सात ग्लास."

त्यांनी पुन्हा हाताकडे पाहिलं. "आणि लघवी?" त्या पानं उलटत गेल्या. "पाच महिने सगळं आहे. हे शेवटचे सहा दिवस रकाना रिकामा आहे."

"ते स्वतः जात होते."

"कोणी पाहिलं?"

"त्यांनी सांगितलं."

डॉक्टरांनी रजिस्टर मिटून मला परत दिलं. आवाजात दोष नव्हता. कोणी पाहिलं? वीस वर्षं मी तालुक्यांतून आलेल्या बातम्या याच प्रश्नासाठी परत पाठवल्या होत्या. तपासण्यांत दिसलं की शरीरातलं पाणी उतरलं होतं, क्षार बिघडले होते, मूत्रपिंडावर ताण आला होता. तीन दिवस सलाईन, मग पाहू, असं त्यांनी सांगितलं.

दादा दुपारी अमरावतीहून पोचला. वॉर्डात वडिलांना पाहून बाहेर आला आणि व्हरांड्यात माझ्यासमोर उभा राहिला.

"मी काय म्हटलं होतं?"

"माझ्यानं होणार नाही म्हणून."

"मंग?"

"पाच महिने झालं, दादा. अकरा दिवस नाही झालं."

"अकराव्या दिवशी मानूस मरते, पाच महिन्यांचं काय घेऊन बसली तू! अन् ते रजिस्टर कायले ठेवत होती? छापाले?"

"तूच म्हणालास ना, लेकीच्या घरचं पाणी चालत नाही म्हणून?"

"मी त हसून म्हटलं होतं."

तिथे बसलेल्या दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांनी माना वळवल्या. दादानं खिशातून मोबाइल काढला आणि केंद्रात फोन करून पलंग अजून रिकामा आहे का ते विचारलं. रिकामा होता. चार दिवस धरून ठेवू, असं तिथून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वडील शुद्धीवर होते. मी पलंगाशेजारी बसले होते. वॉर्डातला माणूस खोल्या झाडत आला. वडिलांनी त्याला हाक मारली.

"भाऊ, पानी दे जरा."

पाणी माझ्या हाताशी होतं. मी ग्लास उचलला, पण ते त्याच्याकडेच पाहत होते. त्यानं दिलेला ग्लास ते पूर्ण प्यायले. मग दुसरा. थोड्या वेळानं त्यांनी मला सांगितलं, "तू जरा भाईर जाय."

मी बाहेर गेले. पडद्यामागून भांड्याचा आवाज आला. वॉर्डातला माणूस काही म्हणाला, वडील हसले. गेल्या अकरा दिवसांत ते हसल्याचं मी ऐकलं नव्हतं. तो माणूस भांडं झाकून माझ्याजवळून गेला तेव्हा मी आत गेले.

"बाबा, माठातलं पाणी कुठं गेलं?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

"खिडकीतून," ते म्हणाले.

"माझ्या घरचं म्हणून?"

"हट्! ते संपून वीस वर्सं झाली. पेपरात हायेस तू, अन् एवढंबी समजत नाई काय तुले?"

"मग कशामुळे?"

"पेलं की जा लागते. गेलं की तू दाराशी उभी. झालं का, झालं का." ते दम घ्यायला थांबले. "त्या दिसी आत आली. तू काई म्हटलं नाई. मीबी नाई म्हटलं. पन मंग मी ठरवलं."

"मी तुमची मुलगी आहे, बाबा."

"म्हनूनच त."

"लहानपणी तुम्ही माझं केलं नाही का सगळं?"

"तू लायनी होती तवा." त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. "मी बुढा झालो. लायना नाई झालो."

सहा महिने व्हायला अजून अडीच आठवडे होते आणि आता कारण कळलं होतं. कारण कळलं की उपाय असतो, असं समजून मी व्हरांड्यात गेले आणि फोन सुरू केले. दिवसाला एक आणि रात्रीला एक, दोन पुरुष, आणि ते रजेवर गेले तर बदली. अकोल्यात चार एजन्सी, अमरावतीत दोन, मूर्तिजापुरात एक ओळखीचा. नवऱ्यानं कागदावर हिशेब मांडला. दोन माणसांचे पैसे माझ्या पगारापेक्षा जास्त होत होते. तरी करू, असं तो म्हणाला. पण पैसे देऊनही माणूस मिळत नव्हता.

"सोंगणी संपली की देता का?" मी एजन्सीवाल्याला विचारलं.

"सोयाबीन झालं की कापूस, ताई. वेचनी. मंग तूर, हरभरा. तुमी असं करा, उन्हाळ्यात सांगा."

आमच्या माणसाला फोन लागला. मागे मळणीयंत्राचा आवाज होता. तो आठवड्यात येतो म्हणाला. मी त्याला आबाजींचं सांगितलं. "माह्या मागं बाई ठेवाले नवती पायजे ताई. मीच सांगाले पायजे होतं तुमाले." मग मी विचारलं, रात्रीही राहशील का? "रातदिस कसा करीन? मलेबी झोप लागते नं."

मी एका फोनवरून दुसऱ्या फोनकडे जात राहिले. व्हरांड्याच्या एका टोकाला सिग्नल येत नव्हता, दुसऱ्या टोकाला औषधांच्या दुकानाची रांग होती. मधल्या वीस पावलांत मी ती दुपार काढली.

तिसऱ्या दिवशी दादा आणि मी दोघंही पलंगाशी होतो. वडिलांनी दादाला विचारलं, "ते तू पलंग पायला होता नं अमरावतीले. तठी कोन रायते?"

दादानं आधी माझ्याकडे पाहिलं. "सगळे असतात. नर्स असते, डॉक्टर येते..."

"नर्स नाई म्हनत मी. मानूस. धरून नेनारा."

"दोन हायेत. एक दिवसा, एक रातचा."

"सोंगनीले जातात काय ते?"

दादाला प्रश्न कळला नाही. मी त्याला सांगितला. तो व्हरांड्यात जाऊन फोनवर जोरात बोलला, ते आतपर्यंत ऐकू आलं. "अहो, तुमचे गडी सोंगनीले जातात का? नाई, खरंच विचारून राह्यलो." पलीकडून कोणीतरी हसलं असावं, कारण दादा दोनदा म्हणाला, "हसू नका, पेशंट विचारून राह्यले." आत येऊन त्यानं सांगितलं, "आलटून पालटून जातात. एक जन नेहमी रायते."

"मंग चाल," वडील म्हणाले.

"बाबा, सहा महिने व्हायला अजून वेळ आहे," मी म्हणाले. "आपला माणूस आठवड्यात येतोय."

"आपला मानूस चांगला हाय. पन त्याले वावर हाय."

"ठरलं होतं सहा महिन्यांचं."

"ते तुमच्या दोघायचं ठरलं होतं. मले कोनं विचारलं?"

हे खरं होतं. दादानं सांगितलं होतं, मी मागून घेतलं होतं. विचारलं कोणीच नव्हतं. दादा पाणी आणतो म्हणून बाहेर गेला. मी त्याच्या मागे गेले. तो नळाशी बाटली न भरताच उभा होता.

"मले वाटलं होतं, ते चाल म्हनले त मले बरं वाटन," तो म्हणाला.

अमरावतीला नेताना मागच्या सीटवर मी आणि वडील होतो. मूर्तिजापूरच्या पुढे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हर उतरून त्यांना एका हॉटेलमागे घेऊन गेला. मी खिडकी वर केली आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहत बसले. कापलेलं सोयाबीन ढीग करून वावरात पडलं होतं. ते परत आले तेव्हा ड्रायव्हर त्यांना दिल्लीच्या राजकारणाबद्दल काही सांगत होता आणि वडील त्याला खोडून काढत होते.

केंद्रात दादानं पैसे भरले, मी फॉर्म भरला. चालणाऱ्यांचा दर, धरून चालणाऱ्यांचा दर, अंथरुणावर असलेल्यांचा दर. दर वर्षी आढावा. मळा कसायला दिलाय त्याचा वर्षाचा ठोका येतो त्यात एक भाग निघणार होता, उरलेला आम्ही दोघांनी अर्धा अर्धा घ्यायचा होता. सवयींच्या रकान्यात मी काय लिहावं याचा विचार करत होते तेव्हा दिवसपाळीचा माणूस आला. चांदूर रेल्वेचा, केस पिकलेले, मनगटं जाड.

"चला आबाजी. आधी जागा पाहून घ्या. पलंग मंग."

तो त्यांना पलंगाकडे न नेता आधी न्हाणीघराकडे घेऊन गेला. वडिलांनी आमच्याकडे वळून पाहिलं नाही. सवयींच्या रकान्यात मी लिहिलं: 'सोबतीला पुरुष हवा.' कारकून बाईंनी ते वाचलं. "हे इथं सगळ्यांचंच असते हो," त्या म्हणाल्या, पण खोडलं नाही.

घरी आल्यावर मी कामावर रुजू झाले. त्या आठवड्यात मी एकही पान वेळेवर छपाईला सोडलं नाही. मधेच उठून केंद्रात फोन करायचे. कार्यालयातली बाई उचलायची आणि सांगायची, ठीक आहेत. मी विचारायचे, पाणी किती? ती म्हणायची, पितात हो. मी विचारायचे, किती? मग ती फोन वर पाठवायची. सकाळी आठला मी दारापर्यंत जायचे आणि माणूस येणार नाही हे आठवून परत यायचे. नवरा म्हणाला, आता तुला मोकळं वाटायला हवं. मला मोकळं वाटत होतं. त्यामुळेच बसवत नव्हतं.

चौथ्या दिवशी वडिलांनी स्वतः फोन केला.

"रोज फोन नको करू. इथं सारे आयकतात."

"बरं."

"अन् येजो. पन सकायी नको. सकायी आमचं सारं चालू रायते. अकरानंतर ये. खाली बाक हाय, तठी बस. मी येतो खाली."

"तुम्ही कशाला जिना उतरता? मी वर येते."

"मी येतो म्हटलं नं."

रविवारी मी लवकरच्या गाडीनं अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरले आणि ऑटोनं दहाच्या आत केंद्रात पोचले. बाकावर बसले. वरून बादल्यांचे, नळाचे, पुरुषांच्या बोलण्याचे आवाज येत होते. कोणाचा आवाज वडिलांचा ते ओळखायचा मी प्रयत्न केला आणि मग उठून फाटकापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले.

सव्वाअकराला ते जिन्यावर दिसले. केस ओले आणि विंचरलेले, सदऱ्याचं वरचं बटनसुद्धा लावलेलं. दिवसपाळीच्या माणसाचा हात त्यांच्या पाठीशी होता. शेवटच्या पायरीवर त्यानं तो काढून घेतला आणि तो तिथेच थांबला. उरलेली चार पावलं वडील एकटे चालत आले. मी उठले नाही. उठायचं नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

ते बाकाची पाठ धरून बसले आणि दम घेतला.

"केव्हा आली?"

"आत्ताच."

"तासभर झाला. त्या पोरानं सांगितलं, तुमची लेक फाटकात येरझारा घालून राह्यली म्हनून." पोरगा म्हणजे तो पिकल्या केसांचा माणूस. "अकराले ये म्हटलं त धाले कायले येतेस?"

"सकाळची गाडी तीच एक होती."

"दुसरी हाय साडेआठाची," वडील म्हणाले. "तिनं येत जाय."